कार्ड पालथं ठेवून

साबणाच्या कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. 'नाकवाल्या बाई' म्हटलं की फाटकावरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना कळायचं. तसं नाक कुणाला नसतं? कुणी ते मुरडतं, कुणी शेजारच्या घरात खुपसतं, कुणाच्या नाकावर माशी बसायची सोय नसते. पण रोज सकाळी आठच्या ठोक्याला नाक कामावर नेणारी आणि पाच वाजता ते घरी परत आणणारी बाई त्या सबंध वस्तीत ही एकटीच.

वासाची खोली कारखान्याच्या टोकाला होती. पडदा नाही, गालिचा नाही, लाकडी कपाट नाही, कारण ह्या सगळ्यांत वास मुरतो. पांढरी फरशी, पत्र्याचं टेबल, उत्तरेकडची एक खिडकी आणि पाठीला आराम न देणारी एक ताठ लोखंडी खुर्ची. त्या खोलीत येणाऱ्या बाईनं केसांना सुगंधी तेल लावायचं नाही, पावडर लावायची नाही, सकाळी कांदासुद्धा चिरायचा नाही. प्रत्येक बॅचमधल्या तीन वड्या ट्रेमधून यायच्या आणि ट्रेवर एक कार्ड असायचं. कार्डावर बॅचचा नंबर आणि सुगंधाचं नाव.

कार्ड मात्र पालथं ठेवायचं. हा खोलीतला पहिला नियम. आधी वडी हुंगायची, मोठ्यानं सांगायचं हा कसला वास, मगच कार्ड उलटायचं. जुळलं तर 'बरोबर', नाहीतर बॅच परत. तिनं बावीस वर्षांत हाताखालच्या सात जणींना हा नियम शिकवला होता. "मन फार आगाऊ असतं," ती म्हणायची. "नाकाच्या आधी तेच बोलून मोकळं होतं. त्याला कार्ड दिसूच द्यायचं नाही."

दुसरा नियम कोपराचा. चारपाच वड्या हुंगल्या की नाक बसतं. समोर वास असूनही येईनासा होतो. मग आपलाच हात दुमडून कोपराच्या आतल्या खळग्यात नाक घालायचं, दोन श्वास घ्यायचे. स्वतःच्या अंगाचा वास लागला की नाक पुन्हा जागेवर येतं. नवीन आलेल्या मुली आधी हसायच्या. आठवड्याभरात त्याही जेवणाच्या सुट्टीत कोपर हुंगताना दिसायच्या.

त्या वर्षी थंडीत तिला ताप आला. चार दिवस अंथरूण, पाचव्या दिवशी कामावर. सर्दी गेली, अंगदुखी गेली, फक्त वास थोडे लांबून आल्यासारखे वाटायचे. होईल ठीक, म्हणून तिनं सोडून दिलं. सकाळी देवापुढं हात जोडताना रोज एक वाक्य वाढलं, एवढंच. "देवा, तेवढं नाक मोकळं कर."

आणि एके दिवशी तिनं कार्ड उलटून पाहिलं. आधी. अगदी सहज, खिडकी बंद करून येता येता. 'लव्हेंडर' लिहिलं होतं. मग वडी हुंगली आणि खरोखर लव्हेंडर आला, चांगला खणखणीत. तिला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. तिसऱ्या दिवशी सवय झाली.

अकराव्या दिवशी ट्रे आणणाऱ्या ट्रॉलीवाल्याच्या हातून एका ट्रेचं कार्ड बदललं गेलं. लिंबाच्या वड्यांवर लव्हेंडरचं कार्ड आलं. तिनं कार्ड पाहिलं, वडी हुंगली, लव्हेंडर आला, 'बरोबर' लिहिलं. लिंबाच्या चारशे खोकी वड्या जांभळ्या कागदात गुंडाळून बाहेर गेल्या आणि पंधरा दिवसांत दुकानदारांच्या तक्रारी घेऊन परत आल्या.

साहेबांनी आधी ट्रॉलीवाल्याला धरलं. चाळिशीचा, मान खाली घालून काम करणारा माणूस. तो केबिनच्या बाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. ती त्याच्या शेजारून आत गेली.

"बाई, तुमचा काही संबंध नाही ह्यात," साहेब म्हणाले. "तुम्ही 'बरोबर' लिहिलंय, म्हणजे तुमच्यापर्यंत माल बरोबरच होता. घोटाळा ह्यानं पुढं कुठंतरी घातला. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतोय त्याला."

एवढं पुरे होतं. मान हलवून बाहेर पडली असती तर खुर्ची तिचीच राहिली असती. पण दाराच्या काचेतून त्या माणसाच्या हातातली टोपी दिसत होती. तो ती गोल गोल फिरवत होता.

"साहेब, कार्ड त्यांच्याकडून बदललं, खरं आहे. पण ते पकडायचं म्हणून तर मला बसवलंय. मी पकडलं नाही."

"पण तुम्हाला तर लव्हेंडरच—"

"मी कार्ड हुंगलं, साहेब. साबण नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "कार्डाला वास असतो?"

"त्या दिवशी होता," ती म्हणाली.

मग तिनं ताप, लांबून येणारे वास, कार्ड आधी उलटणं, सगळं सांगून टाकलं. साहेब बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. माणूस वाईट नव्हता, पण कारखाना त्याच्या भावनांवर चालत नव्हता.

"चार महिने खुर्ची रिकामी ठेवतो," शेवटी ते म्हणाले. "तोवर तुमच्या हाताखालची धाकटी सांभाळेल, तुम्ही पॅकिंगला बसा. चार महिन्यांनी दहा ताटल्या मांडू. प्रत्येक ताटलीत साबणाचे तीन तुकडे, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखायचा. दहातल्या सात बरोबर आल्या तर खुर्ची तुमची. नाहीतर पॅकिंगच, कायमचं. बावीस वर्षं बघितली नसती तर चार दिवसही दिले नसते."

बाहेर ट्रॉलीवाला तिला पाहून बाजूला सरला. टोपी डोक्यावर घातली आणि ट्रॉली ढकलत निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र पॅकिंगच्या दारात तिच्यासाठी पाठीला आराम देणारी खुर्ची येऊन पडलेली असायची.

घरी तिसऱ्या मजल्यावर चार माणसं. नवरा किल्ल्या बनवणारा, खालच्या चौकात त्याचं टपरीएवढं दुकान. लेक शाळेत जीवशास्त्र शिकवायची, म्हणून घरात ती 'मास्तरीण'. आणि सासूबाई, वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांना अंधूक दिसायचं, कान आणि जीभ मात्र दोन्ही तिखट.

"म्हणजे नाक कापून घेतलंस ते घेतलंस," सासूबाई म्हणाल्या, "वर स्वतःच्याच हातानं."

"हो आई. दुसऱ्याचं कापलं जाणार होतं."

सासूबाई नुसतं "हं" म्हणाल्या. त्यांच्या 'हं'ला घरात किंमत होती.

नवरा किल्लीवर कानस चालवत बसला होता. "कुलपात किल्ली तुटून अडकली की लोक म्हणतात, फोडा. मी फोडत नाही. आधी तेल सोडतो आणि थांबतो."

"किती थांबता?"

"ते कुलपावर असतं," तो म्हणाला. "पण तेल रोज सोडतो."

डॉक्टरांनी जवळजवळ तेच सांगितलं. तापानं वासाच्या नसा दुखावल्यात. त्या परत फुटतात, कधी फुटत नाहीत. औषध नाही, सराव आहे. चार बाटल्या करायच्या : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली वीस-वीस सेकंद हुंगायची, आणि तो वास आठवायचा.

"येईल ना पण?"

"बाई, मी आज हो म्हटलं आणि उद्या आला नाही तर तुम्ही बाटल्या फेकून द्याल. म्हणून मी काहीच म्हणत नाही."

पहिला महिना फार वाईट गेला. ती पहाटे उठायची, तोंड धुवायच्या आधी बाटल्यांपाशी जायची. आज येणार. बाटली नाकाशी धरायची, आला का? नाही. मग दिवसभर तोंड पडलेलं. पॅकिंगच्या बायका तिची थट्टा करायच्या. "नाकवाल्या बाई, बघा हो, ह्या कागदाला कसला वास येतोय?"

"कागदाचा," ती म्हणायची. "उचल आणि गुंडाळ."

एका सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आली. "आला! लिंबू आला!" नवरा दाढीचा फेस तोंडावर तसाच घेऊन धावला. लेकीनं मिठी मारली. सासूबाईंनी हात पुढं केला, "बघू." बाटली नाकाशी नेली, खालीवर हलवली, पुन्हा हुंगली.

"अगं, ह्यात नुसतं पाणी आहे. अर्क संपला होता म्हणून काल मीच बाटली धुऊन, पाणी भरून भिजत ठेवली."

नवऱ्याच्या गालावरचा फेस खाली ओघळला. तिनं बाटली हातात घेतली. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'लिंबू'.

ती पुन्हा कार्डच हुंगत होती. बावीस वर्षं जिच्यापासून जपायला ती दुसऱ्यांना शिकवत आली, तीच गोष्ट तिला दोनदा फसवून गेली होती.

त्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मायलेकी वाळलेले कपडे घड्या करत बसल्या आणि सासूबाई मोज्यांच्या जोड्या चाचपून लावत होत्या.

"आई, तू नाकावर रुसतेस रोज," मास्तरीण म्हणाली. "नाक आपल्याला खूश ठेवायला झालेलंच नाही मुळात."

"मग कशाला झालंय? चष्मा ठेवायला?"

"लाखो वर्षांपूर्वीचं बघ. दोन बाया रानात गेल्या. एक फुलापाशी वास घेत बसली. दुसरीला झुडपामागं जनावराचा वास लागला आणि ती पळाली. घरी कोण आली?"

"पळालेली," सासूबाई म्हणाल्या. "आपण तिच्या वंशातल्या. फुलवालीची पोरं कुठंयत बिचारीची?"

"बरोबर, आजी. म्हणून नाक एकदा सांगतं आणि गप्प बसतं. नवीन काय, धोका कुठं, तेवढंच. रोजचा वास ते मोजतच नाही. मनाचंही तसंच. हवं ते मिळालं की चार दिवसांत त्याचा वास येईनासा होतो आणि मन पुढचं काय उणं आहे ते शोधायला लागतं. समाधानानं बसलेली माणसं रानात टिकली नाहीत. टिकली ती धास्तावलेली. त्यांचं मन आपल्याला मिळालंय."

"म्हणजे देवानं सुख दिलंच नाही?" तिनं लेकीला विचारलं.

"दिलं की. मुक्कामाला राहील असं कुठं म्हटलं त्यानं?"

"रान बिन तुझ्या पुस्तकात ठेव," ती म्हणाली. "केलं ते देवानं."

"बरं, देवानं रानाकडून करवून घेतलं असं म्हण. माझी हरकत नाही."

तिनं उशीच्या अभ्र्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. लोखंडी खुर्चीवर ती बावीस वर्षं बसली होती. पाठ दुखते, साहेब कुरकुरतात, खिडकीतून वारा येतो, एवढंच बोलली होती तिच्याबद्दल. ते सुख होतं हे त्या खुर्चीवरून उठल्यावर समजलं. खुर्चीचासुद्धा वास येईनासा झाला होता म्हणायचा.

"मग माझ्या हातात काय उरलं गं?"

लेक म्हणाली, "नाक नाही, आई. बाटली आहे."

सासूबाईंनी जोडी न लागलेला एक मोजा वर धरला. "हा घे. बाटल्यांना मोजे घाल. मी देईन हातात. चिठ्ठ्या फाडून टाक."

"तुम्हाला दिसत नाही आई, तुम्हाला कसं कळणार कुठली बाटली?"

"वासानं! तुला नाक नाही, मला डोळे नाहीत. दोघी मिळून एक धड बाई होते की!"

त्या दिवसापासून पद्धत बदलली. बाटल्यांना मोजे चढले. सासूबाई एकेक उचलून आधी स्वतः हुंगायच्या, मग सुनेच्या हातात द्यायच्या. सुनेनं वीस आकडे मोजत हुंगायचं, मग वहीत लिहायचं, आणि लिहून झाल्यावरच सासूबाईंनी सांगायचं. कार्ड पालथं. देवापुढचं वाक्यही तिनं बदललं. 'नाक दे' असं मागायचं सोडलं. "देवा, आज बाटल्या उघडायचा कंटाळा येऊ देऊ नकोस." देवाला हे सोपं पडत असावं, कारण तो कंटाळा नंतर एकदाही आला नाही.

वहीत रोज आठ वेळा एकच शेरा पडे. काही नाही. काही नाही. काही नाही. पण आता तो लिहिताना हात जड होत नसे. आला का, असं ती विचारतच नव्हती. काय आहे, एवढंच बघत होती, आणि जे होतं ते खरं लिहीत होती. पॅकिंगमध्येही तिला हळूहळू हात बसला. तिनं गुंडाळलेल्या वडीचा कोपरा इतका टोकदार यायचा की थट्टा करणाऱ्या बायका बघायला यायच्या.

दोन महिने उलटल्यावर एका संध्याकाळी तिनं बाटली नाकाशी नेली आणि झटका बसल्यासारखी मागं सरली. रबर जळल्याचा वास. त्यात गटाराचा. तिनं लिहिलं, 'जळकं, घाण.'

"निलगिरी," सासूबाई म्हणाल्या. "ताजी आहे चांगली."

पुढचे तीन आठवडे नुसते नाकी नऊ आले. दात घासायची पेस्ट कुजकी, साबण कुजका, धुतलेली चादर कुजकी. नवरा घरात आला की ती खिडकीकडे सरकायची.

"अहो, रागावू नका, पण तुम्हाला जळक्या चपलेचा वास येतोय."

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली," तो म्हणाला, "तुला आज कळलं?"

मास्तरीण मात्र खूश होती. "आई, नसा फुटतायत! आधी धोक्याचंच परत येणार. जनावर आधी, फूल मागाहून."

"फुलाला म्हणावं लवकर ये. मी तीन दिवस धड जेवले नाहीये."

खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत तिचा धीर सुटत आला होता. 'काही नाही' परवडलं, पण ही घाण नको. एका संध्याकाळी तिनं मोजे काढून बाटल्या डब्यात भरल्या. सासूबाईंनी झाकणाचा आवाज ऐकला.

"काय चाललंय?"

"आज राहू दे, आई. सगळं सडकं येतंय."

"सडकं तर सडकं. लिही. वहीत कुठं लिहिलंय की फक्त चांगलंच लिहायचं?"

तिनं डबा उघडला. मोजे पुन्हा चढवले. लिहिलं, 'सडकं. सडकं. काही नाही. सडकं, पण दुसऱ्या तऱ्हेचं.' त्या शेवटच्या तीन शब्दांवर ती थांबली. दोन सडक्यांमधला फरक तिला कळला होता.

तिथून पुढं ती ह्या फरकाच्या मागं लागली. चांगलं-वाईट ठरवायचंच नाही, वेगळं आहे का तेवढं सांगायचं. तिसऱ्या महिन्यात लवंग आली, नुसती टाचणी टोचल्यासारखी. मग लिंबू, खरा लिंबू, बाटलीत पाणी नसलेला. तिनं लिहिलं, सासूबाईंनी 'बरोबर' म्हटलं, आणि दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या. निलगिरीतलं गटार ओसरत गेलं. गुलाब मात्र आला नाही. गुलाबाच्या मोज्यापुढं शेवटपर्यंत 'काही नाही'च राहिलं.

चार महिन्यांनी, ठरल्या दिवशी, सकाळी नऊ वाजता ती वासाच्या खोलीत गेली. टेबलावर दहा ताटल्या, प्रत्येकीत तीन पांढरे तुकडे, रंग न घातलेले, म्हणजे डोळ्यांना काही कळायला नको. प्रत्येक ताटलीपुढं एक पालथं कार्ड. साहेब वही घेऊन बसले होते, शेजारी प्रयोगशाळेतली बाई, जिनं तुकडे कापून मांडले होते. दाराच्या काचेपलीकडं ट्रॉलीवाला त्याच त्या तीन खोक्यांची पुन्हा पुन्हा थप्पी लावत होता.

पहिल्या तीन ताटल्या तिनं सावकाश सांगितल्या. चौथीत तिन्ही तुकड्यांना काहीच नव्हतं.

"हे दोन तऱ्हांचे गुलाब असणार," ती म्हणाली. "मला कळत नाही."

"अंदाजानं सांगा. तिनातला एक. लागला तर लागला."

"नको साहेब. अंदाजानंच मला इथून उठवलं होतं."

पाचवी झाली. सहावी पुन्हा गुलाब, पुन्हा "कळत नाही." साहेबांनी भुवया उंचावल्या आणि लिहिलं. सातवीला ती अडखळली, सांगितलं, पण मनातून खात्री नव्हती. कोपर. आठवी. कोपर.

नववी ताटली. तिनं पहिला तुकडा हुंगला, लवंग आणि काहीतरी गोडसर. दुसरा, तेच. तिसरा, तेच. पुन्हा एकदा. आता मधला जरा तीव्र वाटला. मधलाच. नक्की मधला. पण हे 'नक्की' कुठून आलं? एक वेगळा असणार हे तिला आधीपासून माहीत होतं. तेच तर कार्ड होतं, डोक्यातलं, आणि ते सरळ पडलं होतं.

ती उठून खिडकीपाशी गेली. हात दुमडला, खळग्यात नाक घातलं, चार श्वास घेतले. परत आली, डोळे मिटले, बोटांनी तिन्ही तुकडे ताटलीत फिरवून घेतले की कुठला मधला होता ते तिचं तिलाच कळू नये. मग एकेक हुंगला.

"तिन्ही एकच आहेत," ती म्हणाली.

"असं कसं? एक वेगळा असणारच. परीक्षाच तशी आहे."

"परीक्षा कशीही असू दे साहेब. ताटलीत एकच साबण आहे."

"बाई, विचार करा. मी लिहितो ते कायम होणार."

"लिहा."

साहेबांनी लिहिलं. दहावी तिनं सांगितली आणि हात मांडीवर ठेवून बसली. कार्डं उलटायला लागली. पहिली बरोबर, दुसरी, तिसरी बरोबर. चौथी नाही. पाचवी बरोबर. सहावी नाही. सातवी चूक. आठवी बरोबर. नववीच्या कार्डावर लिहिलं होतं : दोन लवंगेचे, एक निलगिरीचा. दहावी बरोबर.

"सहा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "सात ठरल्या होत्या."

ती उठली नाही. "नवव्या ताटलीचे तुकडे ज्या वड्यांतून कापले, त्या वड्या आणायला सांगा."

"बाई, आता कशाला—"

"आणा तरी. मी चुकले असेन तर पॅकिंगला मीच चालत जाते."

प्रयोगशाळेतली बाई डबा घेऊन आली आणि झाकण उघडताच तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. आत लवंगेची कापलेली वडी होती. शेजारी निलगिरीची वडी अख्खीच्या अख्खी. तिला सुरी लागलीच नव्हती.

"कार्ड मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं," ती पुटपुटली. "कार्ड बघितलं आणि मला वाटलं, कापली."

नाकवाली बाई हसली. चार महिन्यांत कारखान्यात पहिल्यांदा हसली. "असू दे गं. कार्डाला फार वास असतो."

साहेबांनी सहावर रेघ मारून सात केले. मग तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "एक आहे, साहेब. गुलाब मला येत नाही. कधी येईल, येईल का, सांगता येत नाही. गुलाबाचे ट्रे धाकटीकडं द्या. बाकीचे माझे."

"नाकवाल्या बाईंना गुलाब येत नाही? लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणतील. मीच सांगेन त्यांना. न येणारा वास आला म्हणून सांगायचा असेल तर तुम्हाला दुसरी बाई बघावी लागेल."

साहेबांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. "धाकटीला आजपासून गुलाबावर बसवतो," ते म्हणाले. "आणि तिला कार्डाचा नियम नीट शिकवा."

काचेपलीकडं खोकी खाली पडल्याचा आवाज झाला. थप्पी एकदाची ढासळली होती.

त्या संध्याकाळी ती जिने चढून घरी आली. दार उघडंच होतं. उंबरठ्यात पाय ठेवला आणि थबकली. वाळत घातलेल्या लोकरीचा ओलसर वास. सासूबाईंच्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा. मास्तरणीच्या खडूचा. आणि नवऱ्याच्या कपड्यांचा, कानशीखालच्या पितळेचा आणि कुलपात सोडायच्या तेलाचा. सव्वीस वर्षं त्या घरात राहून हे चारी वास एकत्र तिला कधी आले नव्हते.

तिनं चपला काढल्या, पिशवी ठेवली, सात ताटल्यांचं सांगितलं. नवऱ्यानं किल्ली खाली ठेवून नुसतं तिच्याकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "सातच? मला वाटलं आठ आणशील." लेक हसायला लागली. आणि त्या गडबडीत, पाच मिनिटंही झाली नसतील, वास गेला. नाक गप्प बसलं. चांगलं चाललंय, धोका नाही, असं ठरवून त्यानं आपलं काम संपवलं होतं.

ती पुन्हा उंबऱ्याबाहेर गेली. जिन्यात उभी राहिली, हात दुमडून कोपराच्या खळग्यात दोन श्वास घेतले, आणि परत दारातून आत पाऊल टाकलं.

सासूबाईंनी मान वळवली. "काय गं, काही विसरलीस का?"

"नाही आई," ती म्हणाली. "घरी येत होते."